रक्षाविसर्जन बुधवारी

१

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता सोनमच्या फोनवर रूपाली गेल्याचा मेसेज आला.

‘दुःखद निधन. कु. रूपाली, वय २६, निपाणी. रक्षाविसर्जन बुधवारी सकाळी ८ वाजता.’

सोनम तेव्हा बेळगावच्या टिळकवाडीतल्या ऑफिसचं शटर वर ढकलत होती. ते अर्ध्यावरच राहिलं. तिनं मेसेज दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही. पायरीवर बसून तिनं रूपालीचा नंबर लावला. फोन बंद होता. शनिवारी संध्याकाळी ‘आई पडलीया, घरी चल’ असं सांगून सौरव, म्हणजे रूपालीचा भाऊ, तिला ऑफिसातून घेऊन गेला होता. फोन तेव्हापासूनच बंद होता.

मेसेज कुणा परक्यानं पाठवलेला नव्हता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तो त्यांच्याच वेबसाइटवरून आला होता; सोनमचा नंबर तिथं निपाणीच्या यादीत होता. मारुतीराव आप्पांची छपाईची प्रेस होती. चाळीस वर्षं त्यांनी लग्नपत्रिका आणि दुखवट्याची पत्रकं छापली. प्रेस बंद पडली तेव्हा त्यांनी ‘सीमाभाग दिनदर्शिका’ नावाची साइट काढली आणि सोनम, रूपाली या दोन पोरींना कामाला घेतलं. साइटवरच्या कॅलेंडरचं प्लगइन परदेशातलं, विकत आणलेलं. त्याला मीटिंग आणि वाढदिवस यापलीकडचं जग ठाऊक नव्हतं. पोरींनी दोन वर्षं खपून त्याला बारसं शिकवलं, यात्रा शिकवली, आणि मरणही शिकवलं. दुःखातल्या माणसाला दिवस मोजता येत नाहीत, म्हणून निधनाची तारीख टाकली की रक्षाविसर्जनाचा तिसरा दिवस कॅलेंडर आपला आपण काढतं. आणि गेलेल्याच्या घरच्यांना पासवर्ड काय विचारायचा, म्हणून दुखवट्याचा फॉर्म कुणीही भरावा आणि मेसेज तत्काळ सुटावा, अशी सोय. ही सोय सोनमनंच केली होती. आज तिला त्याचा पश्चात्ताप होत होता.

फोन वाजला. तिचा भाऊ प्रज्ञेश होता, चिकोडीच्या कॉलेजात शिकवणारा.

“सोने, बघितलंस?” त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “निपाणीत घराघरात मेसेज आलाय. आई रडालीया.”

“दादा, ती जिवंत हाय. कुणीतरी मुद्दाम केलंय.”

“बुधवार घातलाय त्यांनी. सोने, बुधवार कुणाला म्हाईत होता?”

बुधवारी अकरा वाजता चिकोडीच्या नोंदणी कार्यालयात प्रज्ञेश आणि रूपालीचं लग्न व्हायचं होतं. रूपाली खानापूर तालुक्यातल्या सातेगाळीची, शेतकरी घरातली. सोनम-प्रज्ञेश निपाणीचे, बौद्ध. रूपालीच्या घरी कळलं तर काय होईल, याचा विचार गेलं वर्षभर तिघांनीही मोठ्यानं बोलून दाखवला नव्हता.

२

बुधवार चौघांनाच माहीत होता. रूपाली, प्रज्ञेश, सोनम, आणि साक्षीदार म्हणून सही करायला तयार झालेले मारुतीराव आप्पा.

आप्पा दहाला आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात पिशवी. सोनमनं फोन त्यांच्यापुढं धरला. वाचता वाचता ते खुर्चीत बसले.

“आप्पा, एकच विचारते. रागावू नका. तुम्ही कुणाला बोललात?”

“तू माझ्यावर संशय घेतीस?”

“आज मी माझ्यावर पण घेतालेय, आप्पा.”

आप्पांनी चष्मा काढून पुसला. “न्हाय बोललो. बायकोला सुद्धा न्हाय.” मग म्हणाले, “पण बुधवारी येऊ की नको, असं चार दिवस मनात चाललं होतं. भीती वाटत होती. ते तुला सांगून टाकतो.”

माणसानं न विचारलेली भीती कबूल केली की त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. सोनमचाही बसला.

ती कॉम्प्युटरपुढं बसली. शेजारच्या टेबलावर रूपालीच्या स्क्रीनला तिनं शनिवारी चिकटवलेली पिवळी चिठ्ठी तशीच होती. कामं लिहिलेली: ‘गावानुसार मेसेज – चालू केलं. फॉर्म पुढची वेळ पण घेतो – सोमवारी बंद करायचं.’ सोनमनं त्या अक्षरावरून नजर काढून घेतली आणि साइटची नोंदवही उघडली. कुठला फॉर्म कुठल्या फोनवरून भरला, याची खूण तिथं राहते.

रूपालीच्या निधनाचा फॉर्म नऊ वाजून चौदा मिनिटांनी भरला होता. कळवणाऱ्याचा रकाना मोकळा. पण त्याच फोनवरून चारच मिनिटं आधी दुसरा एक फॉर्म आला होता: ‘सातेगाळी यात्रा कमिटीची बैठक, रविवारी सकाळी दहा.’ खाली कळवणाऱ्याचं नाव आणि नंबर ठसठशीत दिलेला.

गुंडू. यात्रा कमिटीचे अध्यक्ष. रूपालीचे सख्खे चुलते. बाप गेल्यापासून त्या घरात त्यांचाच शब्द चालत होता.

३

“मी निघालो सातेगाळीला,” प्रज्ञेश फोनवर म्हणाला.

“तू गेलास तर दोन रक्षाविसर्जनं होतील. बेळगावात ये आणि माझ्यासमोर बस.”

एवढं बोलून सोनमनं फोन ठेवला. पोलीस ठाण्यात जाऊन तिनं आणि आप्पांनी अर्ज दिला. बुधवारी चिकोडीला दोन पोलीस देऊ, असं आश्वासन मिळालं. तिथं बाकावर बसण्यात दुपार झाली. सगळेच बुधवारला भीत होते, आणि त्या भीतीत सोमवार हातातून सुटत होता.

अडीचला ते परत आले तर ऑफिसात नागेंद्र बसलेला. गावोगावच्या यात्रा-जत्रांच्या नोंदी फोनवर घेऊन साइटवर चढवायचं काम त्याचं. तो सातेगाळीच्या शेजारच्या गावचा. सोनम आत येताच तो उठून उभा राहिला, आणि त्याचा चेहराच सगळं सांगत होता.

“आक्का, चुकलो मी.”

“काय केलंस?”

“तुमी दोघी बुधवारचं बोलालता, ते मी आइकलं गेल्या आठवड्यात. शुक्रवारी खानापूरच्या बाजारात चा पिताना तोंडातनं गेलं. गुंडूअण्णाचा मेव्हणा बसलावता तितं. मला दिसलाच न्हाय बगा.”

आप्पांनी हात उगारला आणि तसाच खाली घेतला. सोनमला ओरडायचं होतं, पण ओरडायला वेळ नव्हता.

“आणि आजचा मेसेज? त्यात तुझा हात हाय?”

“आईशप्पत न्हाय! मला तर गुंडूअण्णाचा फोन बी न्हाय आज. दर वर्साला यात्रेच्या बैठकीचं फोनवर मलाच सांगत्यात, मीच चढवतो. त्यास्नी ते फॉर्म-बिर्म काय जमत न्हाय. फोनवर नुस्तं बोलाय येतंय.”

सोनमनं त्याच्याकडं रोखून बघितलं. “सौरवचा नंबर हाय तुझ्याकडं?”

सौरवनं लगेच फोन उचलला. मागं वाऱ्याचा आवाज येत होता.

“रूपाली कुठाय, सौरव?”

“हाय की घरात. झोपलीया.” आवाज आत ओढल्यासारखा.

“आई कशी हाय? पडली होती ना?”

“आई? आई माहेरला गेलीया.” मग त्याला आपली चूक कळली असावी. “तुमाला काय करायचंय?”

“सकाळचा मेसेज बघितलास का?”

“कसला मेसेज?”

त्याच्या विचारण्यात सोंग नव्हतं. फोन बंद झाला. निपाणीतल्या पोराटोरांपर्यंत पोचलेला मेसेज रूपालीच्या सख्ख्या भावापर्यंत पोचला नव्हता.

४

प्रज्ञेश येऊन भिंतीला टेकून उभा होता. तीन वाजून गेले होते. सोनमनं सकाळपासून तो मेसेज पन्नास वेळा वाचला होता, पण मुळात भरलेला फॉर्म उघडून नीट बघितला नव्हता. आता तिनं तो उघडला.

“गाव, निपाणी,” ती मोठ्यानं वाचू लागली. “दादा, ही रूपाली सातेगाळीची. धमकी द्यायची तर सातेगाळीवाले निपाणी का निवडतील?”

“आपल्याला घाबरवायला.”

“पण गाव निवडलं की मेसेज फक्त त्याच गावाला जातो, हे त्यांना कसं कळणार? ही सोय आम्ही शनिवारी संध्याकाळी चालू केली. आप्पांना सुद्धा सांगितली नव्हती. त्याच्या आधी मेसेज सगळीकडंच जायचा.”

आप्पा पुढं सरकले. “म्हणजे ज्यानं भरला, त्याला मेसेज निपाणीला जायला हवा होता. आणि सातेगाळीला जायला नको होता.”

“व्हय. सौरवला गेलाच न्हाय.” सोनमचं बोट पुढच्या रकान्यावर आलं आणि थांबलं. निधनाची वेळ, साडेचार. सकाळी नोंदवहीत ओझरती बघून तिनं ती पहाटेची धरली होती. आता तिला त्या आकड्यापुढचा शब्द दिसला. दुपारी.

“फॉर्म सकाळी सव्वानवाला भरलाय,” ती हळू म्हणाली, “आणि मरणाची वेळ दुपारी साडेचारची घातलीया. पुढची वेळ हा फॉर्म घेतो, ही आमची चूक. ती रूपालीनं शनिवारी पकडली. ही बघा तिची चिठ्ठी. त्या चुकीची खबर जगात दोघींनाच होती.”

नागेंद्र वाकून चिठ्ठी वाचू लागला.

“नागेंद्र, गुंडूकाकांना फॉर्म जमत न्हाय म्हणालास. मग बैठकीचा फॉर्म कुणी भरला? कमिटीची बैठक चढवायची, तुला फोन करायचा तर तू ऑफिसातला माणूस, रूपालीचं विचारशील. घरात फॉर्म येणारी एकच. त्यांनी आपला फोन तिच्या हातात दिला. तिनं बैठक चढवली. काकांची पाठ वळली असंल, तेवढ्यात तिनं दुसरा फॉर्म भरला. फोन गुंडूकाकांचा होता, बोटं रूपालीची.”

“तिनं?” प्रज्ञेश भिंत सोडून पुढं आला. “स्वतःच्याच मरणाचा मेसेज? मला साधा फोन का न्हाय केला?”

“खोलीत माणसं असतील, ऐकतील. तुझ्या नंबरवर काय पाठवलं तर उत्तर काकांच्या फोनवर जाणार. ह्या फॉर्मचं त्या फोनवर काहीच मागं राहत न्हाय. दुखवटाच असा एक फॉर्म हाय की जो कुणाला न विचारता सुटतो.”

“मग बुधवार?”

“बुधवार तिनं घातलाच न्हाय, दादा!” सोनमचा आवाज फाटला. “फॉर्म रक्षाविसर्जन विचारतच न्हाय. निधनाची तारीख विचारतो. तिसरा दिवस कॅलेंडरनं काढला. तिनं घातलेला दिवस आजचा हाय. आज. साडेचार वाजता. घरात बोलताना तिनं ऐकलं असंल.”

शेवटचा रकाना राहिला होता. अंत्यविधीचं ठिकाण. तिथं लिहिलं होतं: ‘गुंडूकाकांचा काजूचा मळा, सातेगाळी.’

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सातेगाळीला पोचायला दोन तास लागत होते.

५

खानापूरच्या ठाण्यात फोन लावला. जीप बंदोबस्ताला गेली होती. निरोप देतो, पण सहा तरी वाजतील, असं पलीकडचा माणूस प्रामाणिकपणे म्हणाला. प्रज्ञेश दाराकडं धावला आणि दारातच थांबला. दोन तास त्यालाही मोजता येत होते.

एवढी मोठी भीती सोनमनं कधी अनुभवली नव्हती. आपण सकाळी नीट वाचलं असतं तर, हा एकच विचार डोक्यात घुमत होता.

मग ती नागेंद्रकडं वळली. “सातेगाळीत कोण गेलं तर किती माणसं येतात?”

“मातीला? समदं गाव. मातीला घरात कोण ऱ्हात न्हाय, आक्का. भांडणातली माणसं बी येत्यात.”

“मळा गावापासनं किती लांब?”

“धा मिन्टं. चालत.”

सगळ्यांआधी आप्पांच्या लक्षात आलं. ते उठून उभे राहिले. “सोनम, चाळीस वर्षांत मी एक खोटी माती छापली न्हाय. लोकांनी माझ्या कागदावर विश्वास ठेवून चुली विझवल्यात.”

“आप्पा, आपण न्हाय पाठवली तर साडेचारला ती खरी होईल.”

आप्पा तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. “गाव नीट निवड,” एवढंच म्हणाले.

सोनमनं गाव निवडलं, सातेगाळी. यादीत दोनशे अकरा नंबर होते. त्यातून तिनं गुंडूकाकांचा आणि सौरवचा काढला. गावातून कुणी काकांना फोन केला तर? केला तरी पाय निघालेले असतील, असं तिनं मनाला बजावलं आणि लिहिलं: ‘दुःखद निधन. कु. रूपाली. अंत्यविधी लगेच, गुंडू यांच्या काजूच्या मळ्यात.’ मैत्रिणीचं नाव त्या चौकटीत लिहिताना तिचं बोट दोनदा घसरलं. मग तिनं बटण दाबलं.

नागेंद्रची गाडी होती. प्रज्ञेश त्याच्या शेजारी बसला, सोनम मागं. खानापूर मागं पडलं, रस्ता जंगलात शिरला आणि फोनची रेंज गेली. साडेचार वाजले तेव्हा ते अजून पंचवीस किलोमीटर लांब होते. सोनमनं डोळे मिटून घेतले.

मळ्याच्या वाटेवर गाडी पुढं जाईना. वाटभर माणसं होती. बायका डोक्यावर पदर घेऊन, गडी टोप्या काढून, कुणाच्या हातात हार, दोघांच्या खांद्यावर तर तिरडीचे बांबू. पण रडणं ऐकू येत नव्हतं. एवढा माणूस जमून इतकी शांतता सोनमनं कधी बघितली नव्हती. प्रज्ञेशला गाडीतच बसायला सांगून ती गर्दीत घुसली.

मधोमध एक जीप उभी होती. स्टेअरिंगवर सौरव, मान खाली. जीपच्या दाराला धरून गुंडूकाका. आणि त्यांच्यासमोर एक सत्तरीची काळी, हडकुळी म्हातारी, हातात तांब्या घेऊन. तिच्या पाठीमागं, तिचा पदर मुठीत धरून, रूपाली उभी होती. गालावर वळ, ओठ सुजलेला. पण उभी होती.

गावात बाईमाणूस गेलं की शेवटची आंघोळ ही मनुबाईच घालायची. ती तांब्या घेऊन आली, तेव्हा पोरगी आजारी आहे, निजलीय, असं काकांनी सांगितलं. मेलेली का आजारी, ते मला बघू दे, म्हणून मनुबाई तरातरा आत गेली, तर काजूच्या कोठीला बाहेरून कुलूप. बायकांनी ते दगडानं फोडलं. शेजारच्या बाईनं हे सगळं सोनमच्या कानात सांगितलं.

“पोरीला कुटं न्हेत हुतास, गुंडू?” मनुबाई विचारत होती.

“पावण्यांकडं. चार दिस. घरातली गोष्ट हाय, तुमी समदी घराकडं जावा.”

“जातो की.” मनुबाई जीपच्या मागच्या अंगाला गेली. तिनं वरची ताडपत्री ओढली. खाली दोन फावडी होती, आणि मिठाचं भरलेलं पोतं.

“मीठ कशाला रं?”

“माडाला घालाय.”

मनुबाईनं मळ्यावर इकडून तिकडं नजर फिरवली. गावानंही फिरवली. “तुझ्या मळ्यात माड कुटला? समदी काजू हाय.”

मिठाचं पोतं घालून काय पुरतात, हे तिथल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. एका गड्यानं खांद्यावरचे बांबू खाली टाकले आणि जीपच्या पुढं येऊन उभा राहिला. मग दुसरा आला. सौरव गाडीतून उतरला, किल्ली मनुबाईच्या हातात दिली आणि मातीत बसून राहिला. “गोव्याला सोडायचं म्हणालते मला,” असं तो कुणाला तरी सांगत होता, पण ऐकणारं कुणी नव्हतं.

सोनम पुढं झाली. रूपालीनं तिला बघितलं आणि तिचं मनगट असं धरलं की हाडं दुखली.

“मला वाटलं तुला कळणार न्हाय,” रूपाली म्हणाली.

“उशिरा कळलं.” सोनमला रडू आवरेना. “तुझ्या नावानं मी मेसेज पाठवला गं. सगळ्या गावाला.”

रूपालीचा चेहरा एकदम बदलला. “गावाच्या यादीत आईचा नंबर हाय.”

सोनमनं दोन नंबर काढले होते. तिसरा तिला आठवलाच नव्हता. मळ्याच्या वरच्या बांधावर जेमतेम रेंज येते म्हणून एका बाईनं दोघींना तिथं नेलं, आणि रूपालीनं सोनमच्या फोनवरून माहेरी गेलेल्या आईला फोन लावला. पलीकडं बराच वेळ नुसता बायकांचा आक्रोश ऐकू येत होता. कुणीतरी फोन आईच्या कानाशी धरला असावा.

“आई,” रूपाली म्हणाली. “मी हाय.”

आईला ते खरं वाटेना. रूपाली पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. खाली मळ्यात गाव अजून जीपभोवती उभं होतं, आणि घराकडं जायला कुणीच निघालेलं नव्हतं.